अप्पांच्या डोक्याचा फोटो

मद्रासहून परत आल्यापासून नवी पेठेतून सरळ चालत जाणं मला मुश्किल झालंय. बांगडीवाला थांबवतो, सराफ थांबवतो, आमच्या शाळेतल्या बायका तर मधल्या सुट्टीत डबा बाजूला सारून विचारतात, "बाई, खरंच डोकं न फोडता आतलं दिसतं का हो?" दिसतं. मी या डोळ्यांनी पाहिलंय. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगून माझा घसा बसला, म्हणून एकदाच काय ते लिहून काढते.

मी मुलींच्या शाळेत शिकवते. सासर सोलापूरचं, माहेर दुधनीचं. घरात कानडी आणि दारात मराठी अशी आम्ही वाढलो. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. दुधनीच्या बाजारात त्यांचं अडत दुकान. शेतकरी माल आणायचा, अप्पा तो व्यापाऱ्याला विकून द्यायचे. बोलणं असं की समोरचा आपलं काम विसरून ऐकत बसायचा. माझं तोंड त्यांच्यावर गेलंय असं सासरी म्हणतात, आणि ते काही खोटं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली संक्रांत झाली आणि त्यानंतरच्या एका सकाळी अप्पा अंथरुणातून उठेचनात. उजवं अंग गेलं होतं आणि तोंडात एकच शब्द उरला होता, 'बरं'. पाणी देऊ का? बरं. नको का? बरं. अप्पा, मी कोण? बरं. पुढे पुढे धरून धरून चार पावलं टाकायला लागले, उजव्या हाताची मूठही थोडीफार मिटायला लागली, पण बोलणं तेवढंच. कधी एकदम रडायचे. दोन महिन्यांत आम्ही सगळ्यांनी त्यांना काही विचारायचंच सोडून दिलं, आणि त्यांच्या खाटेशेजारी बसून त्यांच्याबद्दलच बोलायला लागलो.

याला कारण माझा धाकटा भाऊ बसू. आता दुकान तोच बघतो. आमच्याकडे जुन्या व्यापाऱ्यांचा सौदा तोंडाने होत नाही. दोघांच्या हातांवर पंचा टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून भाव सांगायचा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. याला हत्ता म्हणतात. मार्केट यार्डात आता उघडा लिलाव आहे, पण अप्पांच्या वयाच्या लोकांचा हात अजून पंच्याखालीच मोकळा होतो. मूठ मिटायला लागल्यावर बसूने अप्पांच्या हातावर पंचा टाकून बघितला. बोटं वळवळली, पण काहीच्या काही. ना धड एक, ना धड पाच.

"अक्का, तोंड गेलं तर गेलं," बसू मला म्हणाला, "पण हत्ता बी गेला. म्हंजे आत आता काय न्हाय. अप्पा गेले, आंग तेवडं हाय."

मग अव्वाला, म्हणजे आमच्या आईला, त्यांचं उचलणं-बसवणं झेपेना, म्हणून मीच ठरवून टाकलं की अप्पांना कायमचं सोलापूरला माझ्याकडे आणायचं. ज्याला काही कळत नाही त्याला दुधनी काय आणि सोलापूर काय. हे वाक्यही मी त्यांच्या खाटेशेजारीच बोलले.

अडवलं आमच्या सोलापूरच्या डॉक्टरांनी, अप्पांना तपासायला आणलं तेव्हा. ते म्हणाले, हा झटका असेल, आत गाठ असेल, नाहीतर मेंदूच आकसत चालला असेल. गाठ किंवा साकळलेलं रक्त असलं तर ऑपरेशन करता येतं. पण बाहेरून टकटक करून मला ते सांगता येणार नाही. मद्रासला एक नवं यंत्र आलंय, ते डोक्याचे आडवे काप दाखवतं. जमत असेल तर जा.

मेलमध्ये

मद्रासची मेल सोलापूरवरूनच जाते. दशम्या, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दोन चादरी घेऊन मी, बसू आणि अप्पा असे तिघे बसलो. नवरा म्हणाला, मद्रासच्या उन्हात चादरी कशाला? मी म्हटलं, असू देत, सोलापूरची माणसं आहोत.

दुधनी आमच्या वाटेवरच लागतं, पण मेल तिथे थांबत नाही. स्टेशन जवळ आलं तसे अप्पा खिडकीकडे झुकले आणि डाव्या हाताने गज धरून उठायला बघायला लागले. जिनिंगची चिमणी दिसली, फलाट दिसला, गेला. अप्पा मान वळवून बराच वेळ मागे बघत राहिले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं."

"सवय हाय," बसू म्हणाला. "बैलाला बी गोठा कळतोय की."

मला त्याचा राग आला. मी दशमी काढून अप्पांच्या हातात दिली.

मद्रास

स्टेशनाबाहेर पडल्यावर पहिली फजिती माझीच झाली. आमच्या शेजारी मागावर चादरी विणणाऱ्यांची घरं आहेत, सगळी तेलुगू बोलणारी. त्यांच्या बायकांकडून उचललेलं चार वाक्यांचं तेलुगू मी मोठ्या ऐटीत रिक्षावाल्यापुढे टाकलं. तो तमिळमध्ये इतका वेळ बोलला की ते उत्तर होतं की भांडण, देव जाणे. शेवटी बसूने डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली आणि आम्ही इस्पितळाजवळच्या एका लॉजवर पोचलो. खालच्या खानावळीचा मालक मात्र तेलुगू निघाला. माझी चार वाक्यं ऐकून त्याला इतका आनंद झाला की रोज आमच्या पानात एक इडली जास्त पडायला लागली.

तिथले लोक पेला ओठाला लावत नाहीत. वरून घशात कॉफीची धार सोडतात आणि थेंब सांडत नाहीत. मला वाटलं, त्यात काय मोठंसं? पहिलाच घोट पोलक्यावर. मालकाच्या बायकोने हसू दाबत ओलं फडकं आणून दिलं. बायका सकाळी सकाळी केसांत भरगच्च मोगरा माळून कामाला निघतात, अगदी झाडणारी बाईसुद्धा. आपल्याकडे एवढी फुलं घालून कुणी शाळेत आलं तर हेडबाई विचारतील, आज कुणाचं लग्न?

भाताने मात्र बसू रडकुंडीला आला. "अक्का, ह्ये पोटात ऱ्हातच न्हाय. आत्ता जेवलो, आत्ता भूक." अप्पांपुढे दहीभात ठेवला तर त्यांनी डाव्या हाताने पान हळूच पुढे सरकवलं. पिशवीतली कडक भाकरी ताकात कुस्करून दिली तेव्हा निमूट जेवले. मी म्हटलं, "बसू, बघितलंस का?" बसू म्हणाला, "जिभेला कळतंय अक्का, डोस्क्याला न्हाय." याच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता.

नंबर चौथ्या दिवशीचा मिळाला. आदल्या संध्याकाळी अप्पांना समुद्रावर नेलं. आमच्या तिघांपैकी कुणीच तो पाहिलेला नव्हता. मुलींना भूगोलात समुद्र मी कितीदा शिकवलाय, पण समोर उभी राहिले आणि पुस्तकातलं एकही वाक्य लागू पडेना. एवढं पाणी, आणि दुष्काळात आम्ही टँकरमागे पळतो. शेंगदाणेवाला आला, फुगेवाला आला, आम्ही आपले बघतच उभे. अप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते बघून रडत होते की वाऱ्याने, मला सांगता आलं नाही.

यंत्र

आता ज्यासाठी वाचताय ते सांगते.

इस्पितळाच्या मागच्या अंगाला नवी खोली बांधलेली होती. दार उघडताच आतून असा गारवा आला की मे महिन्यात अंगावर काटा उभा राहिला. यंत्राला उकाडा सोसत नाही म्हणे, माणसांना सोसतो. दोन्ही चादरी अप्पांवर घातल्या आणि मी नवऱ्याला मनातल्या मनात उत्तर देऊन टाकलं.

तिथल्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या. सुती साडी, वर पांढरा कोट आणि केसांत मोगरा. शिक्षण म्हैसूरकडे झालेलं, त्यामुळे कानडी स्वच्छ. त्यांचा पहिला शब्द ऐकला आणि परमुलखात माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

त्या म्हणाल्या, डोक्याजवळ धातू चालत नाही, फोटोवर रेघोट्या उठतात. अप्पांच्या कानात लहानपणापासूनची सोन्याची बाळी. साबण लावला, तेल लावलं, निघेना. बसू जीव तोडून पिळत होता आणि अप्पा सोसत होते. शेवटी निघाली. मग बसूचं लक्ष अप्पांच्या गळ्याकडे गेलं आणि त्याने हात मागे घेतला. गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग. आम्हा लिंगायतांत ते जिवंतपणी अंगावेगळं करत नाहीत. अप्पांचा डावा हात डबीवर जाऊन बसला होता.

डॉक्टर बाईंनी ते पाहिलं. "राहू द्या ते गळ्यात," त्या म्हणाल्या. "मला डोक्यातलं बघायचंय."

यंत्र म्हणजे एक मोठी भिंतच, तिच्या मधोमध भोक. अप्पांना अरुंद फळीवर निजवलं, पट्ट्याने कपाळ बांधलं आणि डोकं त्या भोकात सरकवलं. हलायचं नाही, हलले तर सगळं पहिल्यापासून. आम्ही काचेपलीकडे उभे. घरघर सुरू झाली. आतलं काहीतरी त्यांच्या डोक्याभोवती हळूहळू फिरत होतं, थांबत होतं, परत फिरत होतं. मला धास्ती, हे लहान मुलासारखे दचकून उठतील. पण अप्पा पडून राहिले ते पडूनच राहिले, डबीवर हात ठेवून. बसूच चुळबुळत होता.

शेजारच्या खोलीत गणकयंत्र. कपाटाएवढं, दिवे लुकलुकणारं. बाई सांगत होत्या ते मला जेवढं समजलं तेवढं असं, की किरण डोक्यातून सगळ्या बाजूंनी आरपार जातो, कुठे किती अडला ते हे यंत्र मांडत जातं, आणि त्या अगणित बेरजा-वजाबाक्यांतून आतलं चित्र उभं राहतं. मुलींना साधं त्रैराशिक समजावताना माझी दमछाक होते. इथे गणिताने माणसाचं डोकं उघडलं होतं, आणि रक्ताचा थेंब नाही.

पडद्यावर चित्र उमटलं. पांढरं कडं म्हणजे कवटी. आत राखाडी ठिपक्यांचा गोल. मधोमध काळसर दोन पंख, त्या पाण्याच्या पोकळ्या, तुमच्या-माझ्या सगळ्यांना असतात म्हणाल्या. मी पडद्याच्या काचेला नाक लावून बघत राहिले. याच गोलात आमची नावं ठेवली गेली होती. याच गोलात दुधनीचा सगळा बाजार होता, अव्वाशी झालेली भांडणं होती, मला शाळेत घालायचं म्हणून आजोबांशी धरलेला हट्ट होता. ते सगळं तळहाताएवढ्या जागेत.

काळा डाग

दुपारी बाईंनी आम्हाला आपल्या खोलीत बोलावलं. अप्पांना चाकाच्या खुर्चीत बसवून बरोबर नेलं. उजेडाच्या पेटीवर त्यांनी दोन फोटो लावले.

पहिला दुसऱ्याच कुणाचा होता, नावावर कागद चिकटवलेला. मेंदू खारकेसारखा आकसलेला आणि मधल्या पोकळ्या मोठ्या झालेल्या. "या गृहस्थांना अख्खं स्तोत्र पाठ म्हणता येतं," बाई म्हणाल्या, "पण समोर बसलेली मुलगी ओळखता येत नाही." बाई अशा रोग्यांचे फोटो जमवत होत्या. झटक्याचे वेगळे, आकसण्याचे वेगळे. शिवाय प्रत्येकाशी तासभर बसून त्याला काय येतं आणि काय गेलं ते टिपत होत्या. "फोटोत कुठे डाग आहे ते दिसतं. माणूस किती शिल्लक आहे ते अजून त्याच्याशी बोलूनच कळतं. आम्ही शिकतोच आहोत," असं त्या म्हणाल्या. एवढ्या मोठ्या बाईने असं म्हणावं याचं मला फार कौतुक वाटलं.

मग अप्पांचा फोटो. गाठ नाही, साकळलेलं रक्त नाही. डाव्या बाजूला, कपाळाच्या मागे, एक काळा डाग. तिथली रक्ताची वाट बंद पडली आणि तेवढा तुकडा मेला. तो काही परत यायचा नाही. बोलणं तिथून निघतं आणि उजव्या अंगाला हुकूमही तिथूनच जातात.

"आणि बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं तुम्हीच बघा."

मी पाहिलं. डाग सोडला तर सगळं भरलेलं, जागच्या जागी. आकसलेलं काही नाही.

बाई बसूकडे वळल्या. "यांना काही कळत नाही असं चिठ्ठीत लिहिलंय. ते कुणी ठरवलं?"

बसूने हत्त्याची हकीकत सांगितली. बाईंनी असलं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पंचा कसा टाकतात, बोटं कशी धरतात, सगळं दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे ज्या हातापर्यंत हुकूम धड पोचत नाही, त्याचीच तुम्ही साक्ष काढलीत. डाव्या हाताला का नाही विचारलं?"

"डाव्या हातानं सौदा करत न्हाईत बाई," बसू म्हणाला.

ते उत्तर देताना त्याचं त्यालाच काहीतरी कळलं. चेहरा उतरला. आमच्या बाजारात डावा हात पुढे करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. लहानपणी डाव्या हाताने मूठभर धान्य उचललं म्हणून अप्पांनीच त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. त्याच्या डोक्यात डावा हात येणार कुठून? माझ्याही आला नव्हता, आणि मी तर सगळ्यांना अक्कल शिकवते.

"त्यांना असा प्रश्न विचारा की ज्याला बरं म्हणून चालणार नाही," बाई म्हणाल्या आणि खुर्ची मागे सरकवून बसल्या.

बसूने खांद्यावरचा पंचा काढला. अप्पांसमोर गुडघ्यावर बसला, स्वतःचा डावा हात त्यांच्या डाव्या हाताशी नेला आणि वर पंचा टाकला. अप्पा आधी पंच्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिले. बसू कसाबसा म्हणाला, "अप्पा, तुमाला नातवंडं किती?"

माझी चार, बसूची दोन. सहा.

पंचा हलला. थांबला. परत हलला.

"किती?" मी विचारलं.

"पाच... आन् दोन." बसूचे खांदे पडले. "सात म्हनत्यात. चुकलं अक्का."

मी मनात नावं मोजली, आणि सातवं कोण ते लक्षात आलं. बसूच्या बायकोला तिसरा महिना होता. ती बातमी तिने अव्वाला सांगितली होती ती अप्पांच्या खाटेशेजारी बसून, त्यांच्याकडे पाठ करून, कारण तिथे ऐकणारं कुणी नाही असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. बसूला अजून सांगायची होती. मला अव्वाने कानात सांगितली होती.

"चुकलं नाही रे," मी म्हटलं. "सातच."

बसूला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसं त्याने पंच्यासकट त्यांचा हात कपाळाला लावला आणि मोठा माणूस असून हमसून हमसून रडायला लागला. अप्पा तोंडाने "बरं, बरं" करत डावा हात सोडवून त्याच्या डोक्यावर थोपटत होते. डॉक्टर बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

मला मात्र रडूही येईना. म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. अंग तेवढं आहे, हेही. दुधनी काय आणि सोलापूर काय, हेही. त्या काळ्या डागाच्या मागे बसून इतके महिने माझ्या वडिलांनी माझी बडबड ऐकून घेतली होती, आणि उलट एक शब्द बोलायची सोय नव्हती.

मी बसूला बाजूला केलं. बाईमाणसाने कधी पंच्याखाली हात घातल्याचं मी ऐकलेलं नाही. दुकानाच्या ओट्यावरसुद्धा अप्पा मला सौद्याच्या वेळी उभं राहू देत नसत. मी डावा हात पुढे केला आणि त्यांच्या डोळ्यांत बघितलं. अप्पांनी क्षणभर विचार केला. मग त्यांनी स्वतःच पंचा ओढून माझ्या हातावर घेतला.

"अप्पा," मी म्हटलं, "माझ्याकडे सोलापूरला यायचं. किती महिने?" आणि मी त्यांचा अख्खा पंजा धरला. पाच.

त्यांनी माझी बोटं सोडवली आणि एकच बोट धरलं. एक.

मी चार बोटं धरली. अव्वाला झेपत नाही म्हटलं, दवाखाना जवळ आहे म्हटलं, जावई वाट बघतोय म्हटलं. एक. मी तीनवर आले. माझ्या तळहातावर त्यांची बोटं ऊबदार होती, पकड पक्की होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुकानात गिऱ्हाईक गळाला लागल्यावर यायचा तो खट्याळ भाव होता. किती दिवसांनी पाहिला मी तो. दोन, मी म्हटलं, अप्पा दोन तरी.

अप्पांनी एक बोट घट्ट दाबलं, हात एकदा हलवला, आणि पंचा काढून बसूच्या खांद्यावर टाकला. पंचा उचलला की सौदा संपतो, मग कुणी बोलायचं नसतं. आयुष्यात कुणाला वरचढ होऊ दिलं नाही मी, आणि एका महिन्यावर निमूट मान हलवली.